बाकावर सांगितलेलं

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. पण जन्माने विचाराल तर मी टेबल. हसू नका. ज्याच्यावर बेततं त्यालाच कळतं.

त्याचं असं झालं. एका नव्या वकिलाने छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. वकिली म्हटली की टेबल हवंच, म्हणून त्याने सुताराला एक भलंमोठं टेबल करायला सांगितलं. सुतारानेही हौसेने केलं. जाड फळी, गोल केलेल्या कडा, समोर बसणारा माणूस बघूनच दबेल असा थाट. चौघांनी ते उचललं, जिन्याच्या वळणापर्यंत चढवलं आणि तिथे जे अडकलं ते अडकलंच. वर जाईना, खाली येईना. वकिलाकडे येणारी माणसं टेबलाखालून रांगत वर जाऊ लागली. छत्रीवाला रोज खालून ओरडायचा, "काय वकीलसाहेब, कचेरी जिन्यातच थाटली वाटतं!"

शेवटी सुताराने कपाळाला हात लावला, करवत काढली आणि जिन्यातच माझे तुकडे केले. त्या तुकड्यांतून टेबल होण्याची सोय उरली नव्हती. मग वर खोलीत बसून त्याने त्यांचा एक बाक जोडला. तो मी. माझी पाठ जरा जास्तच ताठ आहे आणि एक हात दुसऱ्यापेक्षा बोटभर बुटका आहे. सुतार म्हणाला, "रूप नाही दिलं मी याला, पण मोडायचा नाही हा." तेवढं मात्र त्याचं खरं ठरलं.

आता वकील आहे, अशील येतायत, आणि टेबल नाही. करायचं काय? वकील बाकाच्या एका टोकाला बसायचा आणि आलेला माणूस दुसऱ्या टोकाला. दोघांची तोंडं खिडकीकडे. खाली रस्ता दिसायचा. या वकिलाला पुढे सगळे 'थोरले' म्हणू लागले, म्हणून मीही थोरलेच म्हणतो. तर थोरल्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. शेजारी बसलेला माणूस फार सजवून बोलत नाही. कुणी आपल्याला तपासतंय असं त्याला वाटत नाही. तो खिडकीबाहेर बघतो, गुडघ्यावर हात घासतो आणि हळूहळू जे घडलं ते सांगून टाकतो. टेबल घेण्याइतके दिवस आले तेव्हाही थोरल्यांनी पहिली भेट बाकावरच ठेवली. बाकावर बसले की ते हातात पेनसुद्धा धरत नसत. लिहिणं-बिहिणं नंतर.

पण त्याआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. माणूस टेकला की ते म्हणायचे, "थांबा. तुमचं काही सांगू नका. आधी समोरचा कोण ते सांगा." समोरचा जर आधीच त्यांचा अशील असेल, तर ते उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "मला तुमचं काही ऐकायचं नाही. दुसरा वकील बघा, चांगला बघा." एकदा वाटणीच्या भांडणात एक भाऊ सकाळी येऊन गेला आणि धाकटा दुपारी आला. थोरले उठून उभे राहिले. धाकट्याला वाटलं आपला अपमान झाला. त्याने रागाने मलाच एक लाथ हाणली. भांडण भावाशी, राग वकिलावर आणि लाथ मला! माझ्या पायाचा टवका उडाला तो उडालाच. पण खरं सांगतो, ती लाथ मला कधी सलली नाही. कुणाचं गुपित चुकून आपल्या अंगावर सांडू नये म्हणून खाल्लेली लाथ होती ती.

थोरल्यांच्या हाताखाली एक कारकून होता. त्याला सगळे भाऊ म्हणत. भाऊंची जीभ तिखट आणि मन लोण्याचं. सकाळी आले की ते आधी मला फडकं मारायचे, मग देवाला हात जोडल्यासारखे माझ्याकडे बघून म्हणायचे, "चला, आज कोणाकोणाचं रडगाणं?" पण कुणी खरोखर रडायला लागलं की पाण्याचा पेला आणून ठेवणारेही तेच. ते दिवस माझे चांगले दिवस होते, मित्रांनो. लोक म्हणायचे, "त्या वकिलाच्या बाकावर बसून आलं की अर्धा जीव हलका होतो." हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आता मी ज्या बाईंबद्दल सांगणार आहे, त्या याच दिवसांत पहिल्यांदा आल्या. तेव्हा त्या तरुण होत्या. बोटं सोड्याने आणि साबणाने सुरकुतलेली. त्या आणि त्यांचा नवरा चढावरच्या गल्लीत लाँड्री चालवत. नवरा नुकताच गेला होता. लाँड्री आणि रस्ता यांच्यामध्ये शेजाऱ्याचं अंगण होतं आणि त्या अंगणाच्या कडेने एक बोळ. लाँड्रीची हातगाडी त्या बोळातूनच यायची-जायची. दुसरी वाट म्हणजे उभा दगडी जिना. ओल्या चादरींनी भरलेली गाडी जिन्यावरून कोण उतरवणार? बोळ बंद म्हणजे लाँड्री बंद, इतकं ते सरळ होतं. आणि हातगाडीचा धक्का लागून कुंडी फुटली एवढ्या कारणावरून शेजाऱ्याने फाटकाला कुलूप ठोकलं होतं.

"समोरचा कोण?" थोरल्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं. शेजारी काही थोरल्यांचा अशील नव्हता. मग ते सावरून बसले आणि म्हणाले, "आता बोला."

"बोलायचं काय! वाट आमची आहे," बाई उसळून म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. हक्क आहे आमचा!"

थोरले खिडकीबाहेर बघत राहिले. खाली रस्त्यावरून माणसं जात होती. बाई जरा वेळ त्यांच्याकडे बघत बसल्या. मग आवाज उतरला. "म्हणजे... तसं हक्काचं म्हणाल तर एक सांगू का? हिवाळा सरला की आमचे हे शेजाऱ्यांची सगळी ब्लँकेटं आणि पडदे फुकट धुऊन द्यायचे. घड्या घालून दारात न्यायचे आणि विचारायचे, 'यंदाही वाट चालू द्याल ना?' ते म्हणायचे, 'जा रे बाबा, जा.' दरवर्षी. एकही वर्ष चुकवलं नाही ह्यांनी. भलते सरळ होते."

थोरल्यांनी डोळे मिटले. मग अगदी सोप्या शब्दांत त्यांनी बाईंना समजावलं. वर्षानुवर्षं हक्काने वापरलेली वाट कायद्याने आपली होते; पण दरवर्षी विचारून वापरलेली वाट ज्याची त्याचीच राहते. त्याची मर्जी फिरली की संपलं. "तुमच्या यजमानांचा चांगुलपणाच तुमच्या आड येतोय," ते म्हणाले. "हे मला सांगितलंत ते बरं केलंत. आता दुसऱ्या कुणाला सांगू नका. आणि आपण कोर्टात जायचंच नाही. तिथे कुणी विचारलं तर तुम्हाला खरंच सांगावं लागेल, आणि तुम्ही सांगाल हे मला दिसतंय."

दुसऱ्या दिवशी थोरले स्वतः एक नवी कुंडी काखेत मारून बाईंबरोबर शेजाऱ्याकडे गेले. शेजारी विरघळला. कुलूप निघालं. परत येऊन थोरले बाईंना म्हणाले, "हसतायत तोवर दोन ओळी लिहून घेऊ या." बाईंनी जीभ चावली. "अहो, आत्ता कुठे गोड बोललेत. लगेच कागद पुढे केला तर त्यांना काय वाटेल? शेजारी आहेत ते माझे." थोरल्यांनी खूप समजावलं, पण बाई काही ऐकेनात. तर मित्रांनो, ब्लँकेटांची ती गोष्ट शेजारी सोडला तर जगात तिघांनाच ठाऊक राहिली: बाईंना, थोरल्यांना आणि मला.

पुढे कचेरी वाढत गेली. छत्रीवाल्याच्या वरची एक खोली होती, तिथे सगळा मजला झाला. थोरल्यांच्या हाताखाली एक हुशार पोरगा वकील म्हणून लागला. काम करायला वाघ! वर्षभरात त्याने भाऊंच्या कपाटांना शिस्त लावली, तीन वर्षांत थोरल्यांच्या मुलीशी लग्न केलं. भाऊंनी त्याचं नाव 'जावईबापू' ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. खोटं कशाला बोलू, कचेरी मोठी केली ती जावईबापूंनीच. शेजारच्या शहरांत शाखा निघाल्या, मोठमोठ्या कंपन्या अशील झाल्या, पाटीवर नावांची रांग लागली. नवी कचेरी काचेच्या इमारतीत गेली. तिथे लिफ्ट होती, त्यामुळे टेबलं बिनबोभाट वर गेली. ते बघून माझ्या जरा पोटात दुखलं, पण असो.

नव्या कचेरीतही थोरले होते तोवर मी होतो. त्यांच्या खोलीत खिडकीपाशी. म्हातारपणी त्यांना ऐकू कमी यायला लागलं, तर ते अशिलाच्या आणखी जवळ सरकून बसायचे. मग एक दिवस ते आले नाहीत, आणि त्यानंतर कधीच आले नाहीत. महिन्याभराने जावईबापू खोलीत आले, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काय ध्यान आहे? हलवा हे." मला फायलींच्या खोलीत नेलं. माझ्यावर गठ्ठे रचले. पुढे गठ्ठ्यांसाठी लोखंडी मांडण्या आल्या, तेव्हा मला मागच्या दाराशी, संडासाच्या शेजारी ठेवलं. माझ्यावर बादली आणि फरशी पुसायचा ओला पोछा. ज्या जागी माणसं जीव मोकळा करायची, तिथे आता पोछा ठिबकायचा. भाऊ अधूनमधून यायचे, बादली खाली ठेवायचे, थोडं बसायचे आणि म्हणायचे, "काय रे, दोघेही भंगारात ना आपण?" तेवढाच दिलासा.

आणि मग अचानक माझे दिवस फिरले! कचेरीला पन्नास वर्षं होणार होती. त्यासाठी जाहिरातवाला एक माणूस आला. सगळीकडे फिरून तो म्हणाला, "हे सगळं झकास आहे, पण थंड आहे. तुमच्याकडे एखादी जुनी वस्तू नाही का? जिला काही गोष्ट आहे अशी?" भाऊ कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आहे की. संडासाजवळ आहे."

मित्रांनो, मला बाहेर काढलं. घासलं, घोटलं, तीन हात पॉलिश दिलं. पुढच्या मोठ्या लॉबीत मधोमध ठेवलं. डोक्यावर मंद दिवा आणि पाठीवर पितळी पट्टी: 'शेजारी बसून ऐकण्याची आमची परंपरा'. जाड गुळगुळीत कागदावर माझा फोटो छापला. जावईबापू पाहुण्यांना हात धरून माझ्यापाशी आणायचे आणि सांगायचे, "आमचे सासरे इथे बसायचे." मी तर हुरळूनच गेलो. मनात म्हटलं, उगाच रागावलो होतो मी या माणसावर. उशिरा का होईना, त्याला कळलं. एवढंच की माझ्यावर बसत मात्र कुणी नव्हतं. सगळे बघून पुढे जायचे.

माझ्यावर बसायला पहिल्या आल्या त्या लाँड्रीवाल्या बाई.

आता त्यांचे केस पांढरे झाले होते. सगळे त्यांना काकू म्हणायचे. शेजारी वारला होता, ब्लँकेटांची गोष्ट बरोबर घेऊन, आणि त्याच्या मुलांनी ते घर एका कंपनीला विकलं होतं. कंपनीला तिथे मोठी इमारत बांधायची होती आणि काकूंचा बोळ त्या इमारतीच्या आड येत होता. फाटकावर पुन्हा कुलूप लागलं होतं. भाऊ त्यांना बाजारात भेटले, तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं, "काकू, आमच्याकडे या ना. थोरले गेले म्हणून काय झालं? बाक परत आलाय. आपलं घरचंच आहे." आणि कचेरीत येऊन त्यांनी भोळेपणाने जावईबापूंनाही सांगितलं, "ती बोळाची भानगड आहे ना, त्या काकू आपल्या जुन्या अशील. थोरल्यांनीच मिटवलं होतं तेव्हा."

"असं?" जावईबापू म्हणाले. "मग येऊ द्या की."

भाऊंना ठाऊक नव्हतं, मलाही ठाऊक नव्हतं. पण जावईबापूंना चांगलं ठाऊक होतं की त्या कंपनीने आठवड्यापूर्वीच त्यांना आपलं वकीलपत्र दिलं होतं.

काकू आल्या तेव्हा जावईबापू आपल्या काचेच्या खोलीतून स्वतः बाहेर आले. मोठमोठ्या लोकांनाही ते आत बोलावून घेत, पण काकूंसाठी बाहेर आले. "काकू! या, या. बसा. ओळखलंत ना याला?" त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. काकू बसल्या. त्यांनी माझी कड चाचपून बघितली आणि त्यांचे डोळे भरून आले. मग जावईबापू त्यांच्या शेजारी बसले. अगदी थोरले बसायचे तसे. हातात पेन नाही, कागद नाही, तोंड खिडकीकडे.

मी वाट बघत होतो. आता विचारतील, समोरचा कोण. आता विचारतील. त्यांनी काही ते विचारलं नाही.

"सांगा काकू. अगदी पहिल्यापासून सांगा."

"जावईबापू, तुम्ही बघाल ना माझं?"

"बघतो ना. आधी सगळं तर सांगा. तेव्हा थोरल्यांना काय सांगितलं होतंत?"

काकूंनी एकदा माझ्यावरून हात फिरवला. मला वाटलं, उठावं, उलटं व्हावं, त्यांना खाली पाडावं! पण चार पाय असून मला एक पाऊल टाकता येत नाही. काकू हसून म्हणाल्या, "तुमच्या सासऱ्यांनी बजावलं होतं, कुणाला सांगू नका म्हणून. पण तुम्ही काय परके आहात?" आणि त्यांनी सांगितलं. ब्लँकेटं, पडदे, घड्या, दारातला तो प्रश्न आणि 'जा रे बाबा, जा'. सगळं. जावईबापू मान हलवत ऐकत होते, मध्येच "अरे वा," म्हणत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी काकूंना लिफ्टपर्यंत सोडलं. त्यांना रस्त्यापर्यंत नेऊन सोडायला माणूसही दिला.

दोन दिवसांनी काकूंना कचेरीतून निरोप गेला: कामाचा फार व्याप आहे, तुम्ही दुसरा वकील बघा.

काकूंनी दुसरा वकील करून वाटेसाठी कंपनीवर दावा लावला. पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. कोर्टात मला कोण नेणार? पण ज्या दिवशी ते घडलं, त्या दुपारी भाऊ येऊन धपकन माझ्यावर बसले. रिसेप्शनवरच्या मुलीने घाबरून विचारलं, "भाऊ, बरं नाही का? पाणी आणू?"

"नको. बस इथे जरा," भाऊ म्हणाले. "कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास उतरायचा नाही. अगं, पहिल्या तारखेला काकूंनी जावईबापूंना कोर्टात बघितलं ना, तर हसून हात केला त्यांनी! त्यांना वाटलं, व्यापातून वेळ काढून मदतीला आलेत. मग ते कंपनीच्या बाजूला जाऊन बसले. काकूंचा हात तसाच वर राहिला."

"मग आज?"

"आज काकू पिंजऱ्यात उभ्या. हे उठले आणि लोण्यासारख्या आवाजात विचारतात, 'काकू, हिवाळा सरला की तुमचे यजमान शेजाऱ्यांची ब्लँकेटं धुऊन द्यायचे ना? आणि मग काही विचारायचे का?' काकूंचा वकील ताडकन उठला. म्हणाला, ही बाई यांच्याकडे सल्ल्याला गेली होती, तिथे विश्वासाने सांगितलेलं हे इथे विचारतायत! तर आपले साहेब काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, 'त्या माझ्या अशील कधीच नव्हत्या. वकीलपत्र नाही, फी नाही, कागदाचा कपटा नाही. लॉबीतल्या बाकावर बसून चार गप्पा मारल्या, त्याला सल्ला म्हणत नाहीत.' दोघांची जुंपली. न्यायाधीश त्यावर काही बोलणार, तेवढ्यात काकूच म्हणाल्या, 'कशाला भांडताय? विचारायचे ते. दरवर्षी विचारायचे. गेलेल्या माणसाला मी खोटं पाडणार नाही.' झालं. संपला खटला."

भाऊंनी चष्मा काढला. "आणि त्यांना इथे बोलावलं कुणी? मी! घरचंच आहे म्हणालो मी. केसाने गळा कापला गं त्या माणसाने. तिचाही आणि माझाही."

आणि माझा, मित्रांनो? त्याने थोरल्यांचं बसणं चोरलं. त्यांचा मोकळा हात चोरला, खिडकीकडे बघणं चोरलं. मला संडासाजवळून आणलं, पॉलिश केलं, आणि मी समजलो माझा मान केला. बकऱ्यालाही कापण्याआधी चारा घालतात, हे मला कळायला हवं होतं. वर्षानुवर्षं पोछा ठिबकत होता तेव्हा मला असं वाटलं नव्हतं, जसं त्या दिवशी त्या पितळी पट्टीखाली वाटलं. लॉबीतला बाक म्हणे. चार गप्पा म्हणे.

बोळ गेला. कंपनीने तिथे पत्रे ठोकले.

मग कचेरीचा तो मोठा समारंभ आला. फुलं, दिवे, सरबतं. जाहिरातवाल्याची कल्पना अशी होती की जुन्या अशिलांना बोलवायचं आणि जावईबापूंनी एकेकाबरोबर बाकावर बसून फोटो काढायचा. कचेरीतल्या कुणी तरी जुन्या अशिलांची यादी काढली आणि डोळे झाकून सगळ्यांना आमंत्रणं धाडली. त्यात एक काकूंनाही गेलं. एकीकडे म्हणायचं अशील नव्हत्याच आणि दुसरीकडे जुन्या अशील म्हणून आमंत्रण पाठवायचं! अशी चूक करायला फार मोठी कचेरी लागते.

आणि काकू आल्या. इस्त्रीची साडी नेसून आल्या. फोटोवाल्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? तो म्हणाला, "या काकू, तुमचा नंबर. इथे बसा." लॉबी माणसांनी भरलेली होती. जावईबापूंचा चेहरा पडला, पण लगेच सावरून ते पुढे आले. "काकू, कशा आहात? कामाचं कसं चाललंय?"

"चादरी सोडल्या," काकू म्हणाल्या. "आता शर्ट आणि रुमाल. जिना उतरून खांद्यावर येईल तेवढंच. पावडरचं पोतं वर न्यायला माणूस मिळत नाही, तेव्हा तेही फार दिवस चालायचं नाही."

"बसा ना, बसा."

"नको. तुम्ही बसा आधी, वकीलसाहेब." आधी त्या जावईबापू म्हणायच्या, आज पहिल्यांदा वकीलसाहेब म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण आजूबाजूची माणसं बोलायची थांबली. "तुमच्या सासऱ्यांच्या या बाकावर बसून मी कधी खोटं बोलले नाही. आता तुम्ही बसा. आणि एवढ्या लोकांना सांगा, मी इथे आले त्या दिवशी तुम्ही कुणाचे वकील होता?"

फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून तसाच उभा होता. जावईबापूंनी माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, आयुष्यात मी कधी कुणी माझ्यावर बसावं म्हणून इतका आसुसलो नव्हतो. एकदा टेक बाबा. एकच वाक्य बोल. काकूंची वाट परत येणार नाही, पण निदान त्यांना वेडं ठरवणारं ते 'चार गप्पा' तरी पुसलं जाईल.

जावईबापू हसले. मनगटावरचं घड्याळ बघितलं. "काकू, आज जरा पाहुणे आहेत. आपण नंतर निवांत बोलू." आणि ते दुसऱ्या टोकाच्या पाहुण्यांकडे निघून गेले. काकू वळून चालू लागल्या. त्यांच्या मागोमाग भाऊ. त्यांनी गळ्यातलं कचेरीचं ओळखपत्र काढून रिसेप्शनवर ठेवलं आणि काकूंना म्हणाले, "चला, पोतं मी देतो चढवून. म्हातारा असलो तरी अजून पाठ मोडलेली नाही."

मी अजून लॉबीतच आहे. रोज फडकं फिरतं, दिवा लागतो, पट्टी चकाकते. लोक येतात, दमलेले, घाबरलेले, आणि मला बघून त्यांचा चेहरा सैल होतो. ते टेकतात. काचेच्या खोलीतून कुणी तरी हसत बाहेर येतं, शेजारी बसतं आणि मऊ आवाजात म्हणतं, "सांगा."

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी काही तरी मागतात. आम्हाला पुसा, जपा, मोडीत काढू नका म्हणतात. मला यातलं काही नको. मला उद्या चुलीत घातलं तरी चालेल. पण कुणी तुमच्या शेजारी बसून तुमच्या मनातलं विचारू लागलं, तर तोंड उघडण्याआधी विचारा, 'तुम्ही कुणाच्या बाजूचे?' उत्तर नीट मिळालं नाही, तर उठून उभे राहा. मग तो बाक कितीही जुना असो, कितीही ओळखीचा असो. मग तो मी असलो तरी.

माझ्यावर बसून माणसांनी न भिता बोलावं, म्हणून थोरल्यांनी मला जन्मभर जपलं. आणि आज तुम्हाला भ्यायला शिकवायची वेळ माझ्यावर आली आहे.